रिपोर्टात यकृत ठणठणीत, चिनी डॉक्टरीणबाई म्हणतात यकृतातच तुंबलंय

सांजसावली

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण तुकड्यात सांगता येत नाहीये.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सहा वर्षं चीनमध्ये चेंगदूला आहोत, सत्ताविसाव्या मजल्यावर. सप्टेंबर २०२२ मध्ये याच प्रांतातल्या लुदिंगला ६.८ चा भूकंप झाला तेव्हा शहरात टाळेबंदी होती. दुपारी एकच्या जरा आधी फोन उलटे आकडे मोजायला लागला (इथे धक्का पोचायच्या आधी काही सेकंद तशी सूचना येते) आणि मग ताटं, दिवे, मी, सगळंच हललं. काही फुटलं नाही, कुणाला काही झालं नाही. जगाच्या हिशेबात ती गोष्ट तिथेच संपली.

माझ्या अंगात मात्र ती अजून चालूच आहे. लिफ्टचा टिंग आवाज झाला, कुणाचं दार आपटलं, की काळजात धस्स होतं. गेले चार-पाच महिने तर कारणही लागत नाही. छातीत हुरहूर, घशात आवंढा अडकल्यासारखा. गंमत म्हणजे जेवण उतरतं, आवंढा उतरत नाही. रात्री दोन-अडीचला टक्क जाग. घशाची दुर्बीण, थायरॉइड, इसीजी, रक्त, पोटाची सोनोग्राफी, सगळं झालं. सगळं ठीक.

शेवटी शेजारच्या आयी मला त्यांच्या पारंपरिक वैद्यकाच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. (आयी म्हणजे मावशी. आपल्या 'आई'शी संबंध नाही, दटावणं मात्र तेच.) डॉक्टरीणबाई सत्तरीच्या. छोट्या उशीवर माझं मनगट ठेवलं, तीन बोटं टेकवली आणि डोळे मिटून बसल्या. मग दुसरं मनगट. मग जीभ. मग प्रश्न: उसासे टाकतेस का? सकाळी तोंड कडू असतं का? शौचाला कसं होतं? पाय गार पडतात का? स्वप्नं पडतात का? मी मोडक्यातोडक्या चिनीत सांगितलं, मला भीती वाटते हो, जिवाला चैन नाही. त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा शौचाकडे वळल्या!

निदान असं: यकृतातली छी तुंबलीय, घशात आलुबुखारची बी अडकलीय, पित्ताशय भेदरलेलं आहे. सात दिवसांच्या सात पुड्या.

माझ्या रिपोर्टात यकृत नॉर्मल, पित्ताशयही नॉर्मल. मी सांगतेय मनाचं आणि त्या ऐकतायत पोटाचं. या शास्त्रात काही अर्थ आहे, की मला वेड्यात काढलंय? पुड्या स्वयंपाकघरात पडून आहेत आणि अख्ख्या घराला मुळ्या-सालींचा वास येतोय. शिवाय आयींनी औषधाच्या दुकानातून 'शूगान जिएयू' नावाच्या कॅप्सूलची डबी आणून दिली आहे. झाडपाल्याची आहे, घे बिनधास्त, म्हणतात. घेऊ का?

पाटीपेन्सिल

घेऊ नका. नाडीवर तीन बोटं ठेवून पित्ताशय भेदरलंय म्हणणारा माणूस काहीही म्हणू शकतो. तुम्हाला मानसोपचारतज्ज्ञाची गरज आहे. विषय संपला.

दुभाष्या

पाटीपेन्सिल, विषय दोन हजार वर्षं चालू आहे, एका ओळीत कसा संपेल?

आधीच सांगतो, मी वैद्य नाही. ग्वांगझोऊत चौदा वर्षं दुभाष्याचं काम करतो. सुरुवातीला बटणं, झिपा आणि फरश्यांच्या सौद्यात, नंतर दवाखान्यांत. 'यकृत' हा शब्द पेशंटसमोर बोलून मी किती घोटाळे घातलेत त्याला गणती नाही. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

बाईंनी 'गान' म्हटलं असणार. कोशात त्याचा अर्थ यकृत, पण त्यांच्या डोळ्यांसमोर सोनोग्राफीत दिसणारा तो पिंड नसतो. गान म्हणजे अंगातली ये-जा मोकळी ठेवणारं एक खातं समजा. ये-जा कुणाची, तर छीची. (नाक मुरडून म्हणतो त्या 'छी'सारखाच उच्चार आहे, इलाज नाही. पेशंट मराठी असला की मी 'प्राण' म्हणून वेळ मारून नेतो, तेही बरोबर नाही.) म्हणजे तुमचा रिपोर्ट खोटा नाही आणि बाईही खोट्या नाहीत. दोघं एकच शब्द वापरून दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत.

आता मनाचं आणि पोटाचं. हान काळात जुळवलेल्या 'हुआंगदी नेइजिंग' या मूळ ग्रंथात प्रत्येक भावनेला छीची एकेक चाल दिली आहे. रागाने छी वर चढते. आनंदाने सैलावते. शोकाने विरते. भीतीने खाली उतरते. दचकल्याने विस्कटते. आणि फार विचार केला की तिची गाठ बसते. हे पाठांतर वाटतं, पण एकदा स्वतःच्या अंगाला विचारून बघा. रागात डोकं तापतं की नाही? भीतीने पायातलं बळ जातं की नाही? तिथे 'भावना मनात आणि लक्षणं शरीरात' अशी वाटणीच नाही. भावना हीच एक हालचाल, आणि ती अंगात कुठे अडली ते वैद्याने शोधायचं.

आपण तरी काय वेगळं करतो? 'काळजी' शब्दातच काळीज बसलेलं दिसतं, आणि काळीज म्हणजे खाटकाकडे मागितलं तर यकृतच मिळतं. चिनी भाषेत भित्र्या माणसाला 'दान श्याओ' म्हणतात, शब्दशः छोट्या पित्ताशयाचा. धीट माणूस मोठ्या पित्ताशयाचा. नेइजिंगमध्ये पित्ताशयाकडे निर्णयाचं खातं दिलंय. सतत दचकणाऱ्या, कशावरच ठाम होऊ न शकणाऱ्या माणसाचं पित्ताशय दुबळं, असं म्हणताना बाईंना खडे बिडे अभिप्रेत नव्हते.

मग शौच कशाला विचारलं? कारण 'बेचैन वाटतं' हे सगळेच म्हणतात. त्यावरून औषध ठरत नाही. उसासे, बरगडीखाली ताठरपणा, नाडी वाद्याच्या ताणलेल्या तारेसारखी: छी तुंबलीय. तोंड बेचव, पोट बिघडलेलं, जीभ फिकी, विचारांची चक्की रात्रभर चालू: प्लीहेत रक्त-छी बनत नाही म्हणून हृदयाला पुरत नाही. तळहात-तळपाय गरम, रात्री घाम, झोप उडालेली: खालचं मूत्रपिंडाचं पाणी वर पोचत नाही, म्हणून वरचा हृदयाचा अग्नी मोकाट सुटलाय. हे शेवटचं चित्र मला फार आवडतं. चूल पेटलीय आणि वर भांडंच नाही. अशा तिघी बेचैन बायका एकाच सकाळी आल्या तर तिघींना तीन वेगळ्या पुड्या मिळतील. आणि कडू तोंड, सकाळचं शौच या गोष्टी तिघींना वेगळं करतात, 'भीती वाटते' हे करत नाही. तुमचं ऐकलं नाही असं नाही. ऐकून बाजूला ठेवलं.

हृदयात 'शेन' राहतो. त्याला मन म्हणा, भान म्हणा. हृदयातलं रक्त हे त्याचं घरटं. घरटं विरळ झालं की तो रात्री फडफडत राहतो. यकृतात 'हुन' राहतो, तो रात्री घरी परतला नाही की स्वप्नांचा गोंधळ. यांच्या घड्याळात रात्री १ ते ३ ही यकृताची वेळ, म्हणजे तुम्हाला अडीचला जाग येते यावर बाईंनी मनात टिकमार्क केला असणार. हे घड्याळ मला स्वतःला पटत नाही. अडीचला अर्धं जग जागं होतं.

घशातली बी मात्र लाखाची गोष्ट आहे. इ.स. २०० च्या सुमारास झांग झोंगजिंग नावाच्या वैद्याने टिपून ठेवलंय की बाईच्या घशात भाजलेल्या मांसाचा तुकडा अडकल्यासारखं वाटत असेल तर बानशिया हा कंद आणि होउपो ही साल यांचा काढा द्यावा. पुढच्या लोकांनी मांसाच्या जागी आलुबुखारची बी घातली. गिळता येत नाही, थुंकता येत नाही, आणि दुर्बिणीत दिसत नाही. तुमच्या पुडीत होउपो नावाची तपकिरी, गुंडाळी झालेली साल आणि जांभळट वाळकी पानं असतील तर काढा तोच.

आणि त्याच झांगच्या लिखाणात मला माझी स्वतःची भानगड सापडली. २०१६ साली एका गिऱ्हाइकाने माल उचलला नाही, माझी हमी अडकली. तेव्हा मेट्रोत उभा असताना ओटीपोटातून काहीतरी उसळून थेट नरड्याशी आलं. मरतोय असं वाटलं. दहा मिनिटांनी ओसरलं. इमर्जन्सीत इसीजी काढला, काही नाही. पंधरा दिवसांत तीनदा झालं. ज्या म्हाताऱ्या वैद्याकडे मी दुभाष्या म्हणून जायचो त्याला हे सहज सांगितलं तर तो हसला आणि म्हणाला, 'बेनतुन.' धावतं डुकराचं पिल्लू! पुस्तक उघडून ओळ दाखवली: खालच्या पोटातून निघतं, घशावर धडकतं, उठलं की जीव जातोसं वाटतं, मग परतून थांबतं, आणि हे सगळं दचकण्या-भिण्यातून होतं. अठराशे वर्षांपूर्वी कुणीतरी माझी मेट्रो लिहून ठेवली होती. त्या क्षणी मी निम्मा सुटलो, काढा प्यायच्या आधीच. नंतर काढा प्यायलो. त्याने बरा झालो का? सांगता येत नाही, त्याच महिन्यात उधारीही वसूल झाली.

पुड्यांचं नंतर बोलू. आधी एक सांगा, सध्या दुसरं कुठलं औषध चालू आहे का, आणि ते बाईंना सांगितलंत का?

सांजसावली

दुभाष्या, तीनदा वाचलं. तपकिरी सालीच्या गुंडाळ्या आहेत, जांभळी पानंही आहेत. उसाशांचं खरं निघालं. नवरा म्हणतो, तू दर पाच मिनिटांनी सुस्कारा सोडतेस, मला वाटायचं माझ्यावर सोडतेस.

औषधाचं म्हणाल तर हो. दोन महिने एस्सिटालोप्रॅम १० मिलिग्रॅम चालू आहे. मानसोपचारतज्ज्ञाने दिलंय. त्याने झोप थोडी सुधारली, घसा तसाच. बाईंना सांगितलं नाही. आयी शेजारी बसल्या होत्या ना, त्यांच्यासमोर मनाच्या गोळीचं कसं सांगू? आणि बाईंकडे जातेय हे मानसोपचारवाल्यांनाही सांगितलेलं नाही. तिथे लाज वेगळी.

गोळीबंद

मी औषधशास्त्रातली आहे, त्यामुळे माझं बोलणं रुक्ष असेल, पण सांजसावली, त्या कॅप्सूलच्या डबीला हात लावू नका.

शूगान जिएयूमध्ये दोन वनस्पती असतात. एक त्सवूज्या. दुसरी ग्वानये लिएनछ्याओ, जिला जगभर सेंट जॉन्स वर्ट म्हणतात. चीनमध्ये ही कॅप्सूल सौम्य ते मध्यम नैराश्यासाठी मान्यताप्राप्त आहे, म्हणजे ती खेळणं नाही, औषधच आहे. आणि सेंट जॉन्स वर्ट एस्सिटालोप्रॅमबरोबर घेतलं तर शरीरात सेरोटोनिनचा अतिरेक होऊ शकतो: घाम, कापरं, ताप, गोंधळ, वेळप्रसंगी जिवावर बेततं. गर्भनिरोधक गोळ्यांचा असरही ते कमी करतं. आयींचा हेतू सोन्यासारखा आहे, पण झाडपाल्याला अपाय माहीत नाही हा समज काढून टाका.

पुड्यांबद्दल: दुभाष्यांनी सांगितलेला काढा असेल तर त्यातली बानशिया कच्ची विषारी असते. दवाखान्यात ती आलं-तुरटीने शुद्ध करून मगच देतात, म्हणून रस्त्यावरून सुटी विकत घेऊ नका. ज्येष्ठमध बहुतेक नुस्ख्यांत असतं. महिनोन्महिने जास्त घेतलं तर रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. 'मन शांत करणाऱ्या' काही जुन्या गोळ्यांत जूशा, म्हणजे हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं संयुग असतं. ते नकोच. आणि कुणी 'यकृताचा अग्नी' शमवायला म्हणून लोंगदान श्येगान गोळ्यांची जुनीपानी बाटली दिली तर फेकून द्या. त्यात पूर्वी ग्वानमुतोंग ही वनस्पती घालत, ज्यातल्या ॲरिस्टोलोकिक आम्लाने मूत्रपिंडं निकामी झाली आणि कर्करोगही झाले. चीनने २००३ मध्ये ते बाद केलं. नवीन मालात दुसरी वनस्पती असते.

दोन्ही डॉक्टरांना दोन्ही औषधांचे फोटो दाखवा. लाज वाटत असेल तर तोंडाने काही बोलू नका, नुसता फोन पुढे करा. एस्सिटालोप्रॅम मनाने एकदम बंद करू नका. आणि रात्री अगदीच असह्य झालं तर चीनमध्ये आता १२३५६ हा मानसिक आधाराचा एकच क्रमांक आहे.

पाटीपेन्सिल

गोळीबंद, आभार. आता दुभाष्यांना प्रश्न. डुकराचं पिल्लू वगैरे काव्य म्हणून छान. पुरावा काय? वर्णन अचूक असलं म्हणून उपचार अचूक ठरत नाही. आणि भावनांना अवयवांत कोंबल्यामुळे लोक मनाचा आजार लपवतात, त्याचं काय? यांच्याच धाग्यात बघा, सांजसावली शेजारणीसमोर गोळीचं नाव काढू शकल्या नाहीत.

दुभाष्या

पहिल्या प्रश्नावर मी तुमच्याच बाजूचा आहे. बेचैनीवरच्या काढ्यांच्या आणि सुयांच्या चाचण्या ढिगाने झाल्या आहेत, पण बऱ्याचशा छोट्या. सुई टोचतोय की टोचल्याचं नाटक करतोय हे निदान टोचणाऱ्याला तरी माहीत असतंच, त्यामुळे नीट आंधळी चाचणी करणं अवघड. काही ठिकाणी फायदा दिसतो, पण त्यावर घर बांधावं इतका पक्का नाही. आणि फायदा झाला तरी त्याने छी सिद्ध होत नाही.

दुसरा प्रश्न जास्त खोल आहे. १९८० मध्ये आर्थर क्लाइनमन हे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ चांगशाला गेले. तिथे 'शनजिंग श्वायरुओ' म्हणजे मज्जातंतूंचा थकवा या निदानाचे १०० पेशंट त्यांनी तपासले. लोक डोकेदुखी, निद्रानाश, चक्कर सांगत होते. त्यातल्या ८७ जणांना नैराश्याचे निकष लागू पडले. सांस्कृतिक क्रांती नुकतीच संपली होती. माणसांनी काय काय पाहिलं असेल, आणि 'मी दुःखी आहे' म्हणणं राजकीय विधान ठरण्याचे ते दिवस. डोकं दुखतं म्हणणं सुरक्षित होतं. म्हणजे तुम्ही म्हणता तसं शरीर हा आडोसा झाला, मान्य. पण आडोसा होता म्हणून ते दवाखान्यात तरी आले, हेही बघा. सांजसावली आयींबरोबर पोटासाठी जाऊ शकल्या. मनासाठी एकट्याच गेल्या.

आता ज्यासाठी मी आज परत आलो ते सांगतो. सांजसावली, तुम्ही लिफ्टच्या टिंगचं लिहिलंत तेव्हाच मला ही गोष्ट आठवली होती, पण मूळ पान काढून वाचल्याशिवाय लिहायची नव्हती.

झांग झिहे (हा वेगळा झांग), ११५६ ते १२२८, उत्तरेतल्या जिन राजवटीतला वैद्य. पोट साफ कर, ओकाऱ्या काढ असल्या दांडगाईसाठी प्रसिद्ध. त्याच्याकडे वेइ देशिन नावाच्या गृहस्थाच्या बायकोची केस आली. प्रवासात ती सरायीत माडीवर झोपली होती. रात्री दरोडेखोर आले, लूटमार, जाळपोळ. ती दचकून पलंगावरून खाली पडली. तेव्हापासून कसलाही आवाज झाला की बेशुद्ध. घरातली माणसं चवड्यांवर चालायची. वर्ष उलटलं. वैद्यांनी हृदयाचा रोग म्हणून जिनसेंग दिलं, मोती दिले, मन स्थिर करणाऱ्या गोळ्या दिल्या. ढिम्म फरक नाही.

झांगने आधी एक भेद केला, आणि तो मला पानभर औषधांपेक्षा मोलाचा वाटतो. 'जिंग' म्हणजे दचकणं. ते बाहेरून येतं आणि येणार हे माणसाला माहीत नसतं. 'कोंग' म्हणजे भीती. ती आतून येते आणि माणसाला माहीत असते. हिचं दुखणं जिंगचं. दचकण्याने पित्ताशय दुखावतं, म्हणजे धाडस दुखावतं. (चिनीत पित्ताशय 'दान' आणि धाडस 'गान', कानाला जोडी जमते. हा 'गान' यकृताच्या 'गान'हून वेगळा शब्द.)

मग त्याने काय केलं? तिला उंच खुर्चीवर बसवलं. दोन दासींनी तिचे हात धरले. समोर खाली एक छोटं मेज ठेवलं. म्हणाला, बाई, इकडे बघा. आणि लाकडाने मेजावर सणसणीत घाव घातला. ती हादरली. तो म्हणाला, मी मेजावर लाकूड मारतोय, त्यात दचकण्यासारखं काय? ती जरा सावरली, पुन्हा मारलं. या वेळी कमी दचकली. मग लागोपाठ तीन-पाच वेळा. मग काठीने दार ठोकलं. मग गुपचूप माणूस पाठवून तिच्या पाठीमागची खिडकी खरवडायला लावली. हळूहळू ती निवली आणि हसून विचारलं, ही कसली चिकित्सा? तो म्हणाला, नेइजिंगमध्ये आहे, दचकलेल्याला 'पिंग' कर. पिंग म्हणजे नेहमीचं. जे नेहमी दिसतं त्याने कोण दचकेल?

त्या रात्री त्याने संध्याकाळपासून उजाडेपर्यंत तिची दारं-खिडक्या ठोकायला माणूस बसवला. एक-दोन दिवसांत ढगांच्या गडगडाटालाही ती दचकेनाशी झाली.

मेज खाली का ठेवलं, त्याचंही उत्तर त्याने दिलंय. दचकलं की शेन वर उडतो, खाली बघायला लावलं की तो खाली येतो. बेचैनीवर शिंपल्यांची पूड आणि लोंगगू देतात त्यामागे हाच विचार: वर उडालेल्याला वजन बांधायचं. लोंगगू म्हणजे शब्दशः ड्रॅगनची हाडं, प्रत्यक्षात पुरातन जनावरांची जीवाश्म हाडं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आनयांगकडची शेतकरी मंडळी जी 'ड्रॅगनची हाडं' औषधवाल्यांना विकत होती त्यांवर चीनची सगळ्यात जुनी अक्षरं कोरलेली निघाली. त्याआधी किती अक्षरं काढ्यात उकळली गेली असतील कोण जाणे. असो, भरकटलो.

सांजसावली, तुमच्या घरीही माणसं चवड्यांवर चालतात का?

सांजसावली

हो. नवरा फोन सायलेंटवर ठेवतो. भूकंपाची सूचनाही मी माझ्या फोनवर बंद केली आहे, जे खरं तर मूर्खपणाचं आहे. दार तो दोन हातांनी लावतो.

आणि एक कबूल करते. मानसोपचारतज्ज्ञाने दुसऱ्याच भेटीत सुचवलं होतं की आवाजांची हळूहळू सवय करू, आधी रेकॉर्डिंग, मग खरे आवाज. मी हो हो म्हणून परत त्या विषयाकडे फिरकले नाही. मला वाटलं, माझी बेचैनी यांना कळलेलीच नाही, हे आवाज ऐकवत बसणार.

गोळीबंद

नेमकं तेच करा, पण घरच्या घरी झांग झिहे होऊ नका. हात धरून बसवणं सोडाच, पहिला आवाज कुठला, किती मोठा, कधी थांबायचं, हे तुमच्या मानसोपचारतज्ज्ञाबरोबर ठरवा. घाईत केलं तर भीती आणखी पक्की होते.

पाटीपेन्सिल

आठशे वर्षं जुना वैद्य आणि आजचा मानसोपचारतज्ज्ञ एकच सांगतायत म्हटल्यावर मी गप्प बसतो. तीन बोटांबद्दल मात्र माझं मत तेच.

सांजसावली

पाच आठवडे झाले, म्हटलं कळवावं.

आधी बाईंकडे गेले, आयींशिवाय. फोनवर गोळीचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून वाचलं, मुळीच रागावल्या नाहीत. नुस्ख्यातल्या दोन गोष्टी खोडल्या, ज्येष्ठमध कमी केलं आणि कॅप्सूलची डबी दाखवल्यावर 'नको नको नको' असं तीनदा म्हणाल्या. मनगटावर करंगळीच्या बाजूला वळीवर एक जागा दाखवली, शेनमेन, शेनचा दरवाजा. धस्स झालं की दाबायची. कानाच्या पाळीवर चिकटपट्टीने बारीक काळ्या बिया लावून दिल्या. नंबर लावायची फी आणि सात पुड्या मिळून तीनशे युआनच्या आतच झालं. काढा दवाखान्यातच उकळून पिशव्यांत भरून देतात हे मला कुणी आधी का सांगितलं नाही! मातीच्या भांड्यात अर्धा तास भिजवा, दोनदा उकळा, हे सगळं वाचलं. चव मात्र पिशवीतही तीच, ओल्या लाकडाची.

मानसोपचारतज्ज्ञालाही सांगितलं. त्याने पुड्यांची नावं लिहून घेतली, पिऊ नका म्हणाला नाही, रक्तातल्या यकृताच्या चाचण्या मात्र महिन्याने पुन्हा करू म्हणाला. (पुन्हा यकृत!) आणि आम्ही आवाजांना सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात फक्त लिफ्टचं रेकॉर्डिंग, अगदी बारीक आवाजात, दिवसा. मी रडले. दुसऱ्या आठवड्यात कंटाळले, आणि तो म्हणाला, कंटाळा आला का, छान.

घशातली बी आहे, पण काही दिवस नसते. ती काढ्याने गेली, गोळीने की कंटाळ्याने, मला सांगता येणार नाही. दुभाष्या, तुमच्या उधारीसारखंच.

परवा आयींना झांग झिहेची गोष्ट सांगितली. त्यांना ती माहीत नव्हती, पण फार आवडली. काल संध्याकाळी पाचला आमच्या लोखंडी दारावर धाडधाड आवाज. मी जागच्या जागी उडाले, शेनमेन दाबायचंही सुचलं नाही. दार उघडलं तर आयी कढईतला झारा घेऊन उभ्या, म्हणतात, 'पिंग! पिंग!' गोळीबंद, मला ठाऊक आहे हे ठरल्याप्रमाणे नव्हतं. पण हसू आवरेना. आज पाचला त्या पुन्हा आल्या तेव्हा मी आधीच दारामागे उभी होते, आणि या वेळी झारा आतून मी वाजवला.

भूकंपाची सूचना मी अजून चालू केलेली नाही. ती शेवटची ठेवली आहे.